गांजाचा महसूल मोजण्याआधी: विधिमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
सस्नेह नमस्कार.

मी धुळे जिल्ह्यात तेवीस वर्षं फौजदारी वकिली करतो. त्यातली निम्मी वर्षं एनडीपीएसच्या, म्हणजे 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या खटल्यांत गेली. राज्याच्या तिजोरीत खडखडाट आहे अशी चर्चा सुरू झाली, की कुठून तरी गांजाचा विषय निघतो. ‘कायदेशीर करा, दारूसारखा कर लावा, हजारो कोटी येतील.’ हिमाचल प्रदेशच्या विधानसभेने 2024 साली लागवडीच्या बाजूचा अहवाल स्वीकारल्यापासून तर हे जास्तच ऐकू येतं. समोरून उत्तर येतं तेही एका वाक्याचं: ‘तरुण पिढी बरबाद होईल.’ मी कोर्टात जे पाहतो, ते या दोन्ही वाक्यांत कुठेच नाही. म्हणून हे पत्र.

आधी माझ्या एका पक्षकाराबद्दल सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याचा पावरा आदिवासी शेतकरी. वनहक्काचा दावा प्रलंबित असलेली तीन एकर जमीन, त्यात कापूस आणि तूर. तुरीच्या दोन ओळींच्या मधे त्याने गांजाची झाडं लावली होती. बी आणि चार हजारांची उचल बाहेरचा एक माणूस देऊन गेला होता, माल तयार झाल्यावर तोच न्यायला येणार होता. पोलीस आले तेव्हा झाडं माणसाच्या डोक्याएवढी उंच झाली होती. ती मुळासकट उपटली. आदल्या रात्री पाऊस झालेला, मुळांना काळी माती थापलेली. तशीच गठ्ठे बांधून काट्यावर चढवली आणि पंचनाम्यात वजन आलं 186 किलो.

कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे. शेंड्यांसोबत नसतील तर पानं आणि बीसुद्धा त्यात धरायचं नाही, मग देठ, मुळं आणि शेतातली माती कशी धरणार? पण आकडा 20 किलोच्या वर गेला की ‘व्यापारी मात्रा’ होते. शिक्षा 10 ते 20 वर्षं, आणि कलम 37 मुळे जामिनाचं दार जवळजवळ बंद. प्रयोगशाळेचा अहवाल यायला सात महिने लागले. माझा पक्षकार सतरा महिने आत होता. दोन हंगाम गेले. पहिल्या हंगामात बैलजोडी विकली, दुसऱ्यात शेळ्या. त्या शेळ्यांच्या पैशातून माझी फी आली, हे मी विसरलेलो नाही. उचल देणारा माणूस आजतागायत सापडलेला नाही. दोषारोपपत्रात त्याचा उल्लेख ‘अज्ञात इसम’ असा आहे.

गांजाच्या अर्थशास्त्राची माझी सुरुवात इथून होते. या एका खटल्यावर सरकारने काय खर्च केला ते कुणी मोजलं नाही. छाप्याला गेलेले वीस-बावीस पोलीस, गाड्या, प्रयोगशाळा, विशेष न्यायालयाचा वेळ, दर तारखेला कैद्यासोबत येणारे दोन शिपाई, सतरा महिन्यांची भाकरी. आणि दुसऱ्या बाजूला दोन हंगामांचा कापूस, जो पिकलाच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 या एका वर्षात महाराष्ट्रात या कायद्याखाली 13,830 गुन्हे नोंदले गेले. देशात केरळनंतर आपणच. त्यातले मोठ्या संख्येने स्वतःच्या सेवनासाठी थोडा माल जवळ बाळगल्याचे आहेत. म्हणजे रेल्वे पुलाखाली चिलीम ओढणारा हमाल, कॉलेजच्या मागच्या गल्लीतला मुलगा. पुडीमागच्या माणसापर्यंत यातले किती खटले पोहोचतात, ते आपण गृहखात्याला विचारा.

आता महसुलाकडे येतो, कारण आपलं मन तिथे आहे.

2018 सालच्या एका परदेशी कंपनीच्या पाहणीत मुंबईचा गांजाचा खप वर्षाला 32 टनांच्या वर दाखवला होता. त्यावरून आपल्याकडे शेकडो कोटींचे हिशेब मांडले गेले. तो आकडा कसा काढला याबद्दल मला भरवसा नाही. आंध्र प्रदेशच्या पोलिसांनी फेब्रुवारी 2022 मध्ये अनकापल्लीजवळ एका दिवसात सुमारे 200 टन गांजा जाळला. जिथे एका ठिकाणी जाळायला 200 टन मिळतो, तिथे अख्ख्या मुंबईचा वर्षाचा खप 32 टन हे पटायला जड जातं. तरी घटकाभर तोच धरू. 32 टन म्हणजे 3 कोटी 20 लाख ग्रॅम. ग्रॅममागे 100 रुपये कर लावला तर 320 कोटी होतात. ऐकायला बरं वाटतं.

पण मी जी दोषारोपपत्रं वाचतो, त्यांत खुद्द पोलीस गांजाची किंमत किलोला दहा ते वीस हजार लावतात. म्हणजे ग्रॅमला 10 ते 20 रुपये. ज्या वस्तूचा चोरबाजारातला भाव 20 रुपये आहे, तिच्यावर 100 रुपये कर लावून ती सरकारमान्य दुकानातून कोण घेईल? चोरबाजार संपवायचा तर कर पाच रुपयांच्या आसपास ठेवावा लागेल. मग 320 कोटींचे होतात 16 कोटी. खप खरोखर दहापट आहे असं धरलं तरी 160 कोटी. आपल्या 2025-26 च्या अर्थसंकल्पातली महसुली तूट 45,891 कोटी आहे. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, त्यातून एका फटक्यात 14,000 कोटी जादा येतील असा सरकारचाच अंदाज होता. त्या शेजारी गांजा मांडून पाहा.

कोलोरॅडोचं उदाहरण सगळे देतात. तिथे जानेवारी 2014 मध्ये दुकानं उघडली. पहिल्या वर्षी कर आणि शुल्क मिळून 7 कोटी डॉलरच्या आत, 2021 साली 42 कोटी डॉलर. भाषणात हा आकडा येतो आणि तिथेच थांबतो. 2024 मध्ये तो 26 कोटींच्या आत आला होता, हे कुणी सांगत नाही. आजूबाजूच्या राज्यांनीही दुकानं उघडली, पीक जास्त झालं आणि घाऊक भाव पौंडाला 1,700 डॉलरवरून 700 च्या खाली गेला. कर भावाच्या टक्क्यात होता, त्यामुळे तोही भावासोबत घसरला. कॅनडाने उलटं केलं: ग्रॅमला 1 डॉलर किंवा किमतीच्या 10 टक्के, जे जास्त असेल ते. भाव कोसळल्यावर तोच एक डॉलर घाऊक किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा झाला आणि कित्येक परवानाधारकांनी कर थकवला. कॅलिफोर्नियाने जुलै 2025 मध्ये कर 15 वरून 19 टक्के केला आणि तीन महिन्यांत मागे घेतला, कारण गिऱ्हाईक पुन्हा चोरट्या मालाकडे वळत होतं. आणि लक्षात घ्या, तिथे माल महाग होता म्हणून कराला जागा तरी होती. आपल्याकडे तो बिडीच्या भावाने मिळतो.

आमच्या भागातल्या शेतकऱ्यांना या विषयात वेगळीच आशा दिसते. 2021 साली मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावायची परवानगी मागितली, कारण दुसऱ्या कुठल्याच पिकाला भाव मिळत नव्हता. त्याची कोंडी खरी होती. पण त्याच्यासारख्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गांजाला जो भाव आहे तो झाडाचा नाही, धोक्याचा आहे. झाड तर उकिरड्यावरही उगवतं. बंदी उठली, सगळ्यांनी लावलं, की कांद्याचं होतं तेच. थायलंडने जून 2022 मध्ये कायद्याची घडी न बसवताच बंदी उठवली, हजारो शेतकऱ्यांनी लागवड केली आणि भाव पडले. जून 2025 मध्ये सरकारने पुन्हा डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची केली. अमेरिकेत हंबोल्ट परगण्यातल्या डोंगराळ भागात पिढीजात लहान बागायतदार होते. कायदा झाल्यावर मोठ्या कंपन्यांच्या मालापुढे त्यांचा टिकाव लागला नाही.

मग सरकारने कोटा ठरवून, हमीभाव देऊन पीक घ्यावं का? त्याचाही नमुना आपल्या शेजारी आहे. मंदसौर, नीमच, चित्तोडगड या भागात शेतकरी केंद्र सरकारच्या पट्ट्यावर, म्हणजे लागवडीच्या परवान्यावर, अफू पिकवतात. बहुतेकांकडे दहा आर, फार तर वीस आर जमिनीचा पट्टा. ठरलेल्या प्रमाणात उतारा नाही आला की पुढच्या वर्षी पट्टा रद्द. सरकार किलोला हजार ते साडेतीन हजारांच्या घरात भाव देतं, चोरबाजार त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे रात्रभर शेतात जागायचं, पोपट-नीलगाय सांभाळायची, मोजणीला येणाऱ्या माणसाला खूश ठेवायचं आणि तस्कराच्या दबावालाही तोंड द्यायचं. तरी शेतकरी पट्टा सोडत नाही, कारण घरात थोडी तरी खात्रीची रक्कम येते. आपल्या एकाधिकार कापूस खरेदीचं काय झालं ते खानदेश-विदर्भाला वेगळं सांगायला नको. निपाणीचा तंबाखू कायदेशीर होता, त्यावर कर होता, सरकारला पैसा मिळत होता. तरी 1981 साली भावासाठी शेतकऱ्यांना पुणे-बंगळूर रस्त्यावर बसावं लागलं आणि 6 एप्रिलच्या गोळीबारात 12 शेतकरी मेले. पीक कायदेशीर आहे, करपात्र आहे, एवढ्याने पिकवणाऱ्याचं घर चालत नाही.

एक वेगळा नमुना मात्र मला मोहात पाडतो. ब्रिटिश अमदानीत गांजा परवान्यावरच होता. सातपुड्याच्या पलीकडे, खांडव्याला, परवान्याची लागवड होती आणि माल सरकारी गोदामात जमा व्हायचा. 1893-94 साली ब्रिटिश सरकारने भांग, गांजा, चरसाच्या चौकशीला आयोग नेमला, त्याने देशभर फिरून 1,193 साक्षी नोंदवल्या आणि निष्कर्ष काढला की पूर्ण बंदीची गरज नाही, ती शहाणपणाचीही नाही, परवाना, मर्यादित दुकानं आणि पुरेसा कर हाच मार्ग. आयोगाला तिजोरीची काळजी होतीच, हे मी नाकारत नाही. त्यानंतर बंगालमध्ये नौगावला, जे आज बांगलादेशात आहे, 1917 साली गांजा पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली. मधला व्यापारी हटला. संस्थेच्या नफ्यातून शाळा, दवाखाने, रस्ते झाले. ज्या महाराष्ट्राने साखर कारखाने उभे केले, त्याला हे समजायला अवघड नाही. सहकाराचं पुढे काय झालं तेही त्याला माहीत आहे.

आता दुसरी बाजू. ती मला माझ्याच गल्लीत दिसते, त्यामुळे ती कमी लेखणं मला जमणार नाही. आमच्या समोरच्या घरातला मुलगा सोळाव्या वर्षी गांजा ओढू लागला. एकोणिसाव्या वर्षी त्याला भिंतीतून आवाज ऐकू येऊ लागले. गांजाच एकटा कारण होता असं डॉक्टर म्हणत नाहीत, पण कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांत, विशेषतः तेज माल ओढणाऱ्यांत, असे आजार जास्त दिसतात हे जगभरच्या अभ्यासांतून वारंवार समोर आलं आहे. त्याची आई दर महिन्याला त्याला घेऊन नाशिकला जाते, कारण इथे तिला हवा तसा डॉक्टर नाही. जाऊन-येऊन एक दिवस, दोघांचं भाडं, औषधं. सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. खानदेशात एकही नाही.

दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या व्यसनोपचार केंद्राने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत भांग, गांजा, चरस वर्षभरात घेतलेल्यांची संख्या 3 कोटी 10 लाख आली, त्यातल्या सुमारे 72 लाखांना त्या सवयीसाठी मदतीची गरज होती. दारूच्या बाबतीत मदतीची गरज असलेल्यांची संख्या 5 कोटी 70 लाख. दारूपेक्षा गांजा कमी घातक, हा युक्तिवाद यावरच उभा राहतो, आणि तो चुकीचा नाही. पण दारू आज जशी जागोजागी, आडवाटेच्या जाहिरातीसकट विकली जाते, तशी मोकळीक गांजाला मिळाली तर? अमेरिकेत जॉनथन कॉल्किन्स या संशोधकाने 2024 साली दाखवून दिलं, की तिथे रोज किंवा जवळजवळ रोज गांजा घेणारे आता रोज दारू पिणाऱ्यांपेक्षा जास्त झाले आहेत: 1 कोटी 77 लाख विरुद्ध 1 कोटी 47 लाख. कर जो येतो तो प्रामुख्याने या रोजच्या गिऱ्हाइकाकडून. महिन्यातून एकदा ओढणाऱ्यावर दुकान चालत नाही. म्हणजे सरकारचं उत्पन्न वाढायचं तर आमच्या समोरच्या घरातल्या मुलासारख्यांची संख्या वाढायला हवी. दारूच्या बाबतीत आपण हे भोगतोच आहोत. एकदा उत्पन्नाची सवय लागली की कुठलंही सरकार तो पैसा सोडत नाही.

मग बंदी आहे तशीच ठेवावी का? गुटख्याकडे बघा. जुलै 2012 मध्ये आपल्या राज्याने बंदी घातली. आज कुठल्या टपरीवर मिळत नाही? कर गेला, गुटखा राहिला, आणि हप्त्यांची एक नवी साखळी तयार झाली. चंद्रपुरात 2015 ला दारूबंदी झाली ती महिलांच्या लढ्यातून, आणि 2021 ला उठली ती अवैध दारू आणि बुडालेला महसूल यांची कारणं पुढे करून. उठवताना त्या महिलांचं म्हणणं कुणी किती ऐकलं? गांजाच्या बाबतीत निर्णय कोणताही होवो, ती चूक पुन्हा नको. ज्यांच्या घरात ओढणारा आहे त्या बायकांना, आपण जी समिती नेमाल तिच्यासमोर बोलवा, नुसत्या उद्योजकांना नको.

माझं मत आता सांगतो. तिजोरीसाठी गांजा कायदेशीर करू नका. तिजोरी भरणार नाही, आणि भरली तर चुकीच्या माणसाच्या खिशातून भरेल. पण आजची व्यवस्थाही फुकट चाललेली नाही. तिचा कर आजही वसूल होतो आहे: सतरा महिन्यांच्या कोठडीतून, विकलेल्या बैलजोडीतून, हप्त्यातून. तो बंद करणं हे कायदा बदलण्याचं एकमेव सबळ आर्थिक कारण मला दिसतं.

यातलं पुष्कळ संसदेच्या हातात आहे. कलम 8 प्रमाणे वैद्यकीय आणि शास्त्रीय कामाशिवाय गांजाला परवानगी नाही, ते राज्य बदलू शकत नाही. पण आपण ठराव करून संसदेकडे मागणी करू शकता, की थोडा माल जवळ बाळगणं आणि ओढणं यावरची तुरुंगवासाची शिक्षा काढावी. डिसेंबर 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव 27 विरुद्ध 25 मतांनी झाला, तेव्हा भारताने बाजूने मत दिलं होतं. म्हणजे दिल्लीला हा विचार अगदी परका नाही.

आणि बरंच काही आपल्या हातातही आहे. कलम 64-अ आणि 39 मध्ये व्यसनी माणसाला तुरुंगाऐवजी उपचाराकडे पाठवण्याची सोय आहे. ती आमच्याकडे वापरली जात नाही, कारण पाठवायला जागाच नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात त्यासाठी खाटा आणि माणसं द्या. जप्तीच्या वेळी शेंडे वेगळे करून वजन करावं, माती-मुळांसह नव्हे, असा स्पष्ट आदेश गृहखात्याकडून काढून घ्या. याला एक रुपयाही खर्च नाही. प्रयोगशाळांतल्या रिकाम्या जागा भरा. कलम 14 खाली धागा आणि बियांसाठी लागवडीची परवानगी राज्य देऊ शकतं, उत्तराखंडने ती 2018 पासून दिली आहे. पण तिथे कमी नशेचं खात्रीचं बियाणंच मिळेना म्हणून शेतकरी अडले. तेव्हा घोषणा करण्याआधी राहुरी आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांना बियाण्यावर काम करू द्या.

आणि कधीकाळी संसदेने दार उघडलंच, तर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतली 51 वी नोंद वाचून ठेवा. दारूसोबत अफू आणि गांजावरचं उत्पादन शुल्क लावायचा अधिकार त्यात राज्याला दिलेला आहे. तेव्हा कंपन्या परवान्यासाठी मुंबईत रांग लावतील. पहिला परवाना सातपुड्यातल्या आणि ज्यांच्यावर खटले चालले त्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना द्या. जाहिरात पूर्ण बंद ठेवा. कर नशेच्या तीव्रतेवर लावा आणि सुरुवातीला चोरबाजार मोडण्याइतका कमी ठेवा. जो पैसा येईल तो सामान्य निधीत मिसळू नका. खानदेशात मनोरुग्णालय बांधायला तो पुरला तरी मी समाधानी असेन.

माझ्या पक्षकाराला जामीन मिळाला आहे, खटला अजून उभा आहे. पंच हजर नाही म्हणून मागच्या दोन तारखा वाया गेल्या. प्रत्येक तारखेला तो पहाटे चारला घरून निघतो, दोन गाड्या बदलतो आणि साडेदहाला कोर्टाच्या व्हरांड्यात उभा असतो. आपल्यापैकी कुणी धुळ्याकडे येणार असाल तर कळवा, मी त्याची पुढची तारीख कळवीन. त्याच्याशी बोलण्यात अर्धा तास जाईल, त्याची भाषा समजावायला त्याचा पुतण्या सोबत असतो.

आपला,
धुळे जिल्ह्यातील एक वकील